तळ बुजवलेला रांजण

पालिआंबेला, अटिका
१४ जानेवारी १९६२

प्रिय मामा,

तुझ्या उजव्या हाताला ओठ टेकवून लिहायला बसले आहे. मारुसो मामीचा खोकला थांबला का? बेटावर वारा सुटला की तिने चर्चला जाऊ नये, देव समजून घेईल.

तुझा रांजण मी सोडवते आहे. क्रमांक २१४, आत शिरल्यावर डावीकडचा, माझ्या छातीएवढा उंच, पोटावर कान असलेला. यंदा संग्रहालयाच्या भिंतीला ओल आली आणि तुझी अठ्ठावीस वर्षांपूर्वीची लाख पिवळी पडून सुटू लागली. वेर्निकोस साहेब म्हणाले, "पडून फुटण्याआधी सगळा सुटा करा आणि नव्याने जोडा. ईस्टरनंतर फोटोवाला येतोय." स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळून एकेक सांधा सोडवते आहे. आतापर्यंत एकशे त्रेसष्ट खापऱ्या झाल्या. दोनदा मोजल्या. खरं सांगायचं तर चारदा.

विचारायचं होतं ते असं. तळाशी प्लास्टरचा एक गोळा आहे, भाकरीएवढा जाड. आतून-बाहेरून मातीच्या रंगाने इतका बेमालूम रंगवलेला की चिंधी ओली होऊन रंग उतरेपर्यंत मला तो दिसलाच नाही. लहानपणापासून हा रांजण बघते आहे, मी त्याच्या आड लपलेली आहे, आणि दिसलाच नाही! तो काढू का? त्याच्या खाली काय होतं ते तुला आठवतं का? तूच मला शिकवलंस की आधीच्या माणसाने केलेलं काम त्याला विचारल्याशिवाय मोडायचं नाही. म्हणून विचारते.

इकडे घराचं ठरलं. वरच्या शेतात चुन्याच्या रेघा मारून झाल्या. ईस्टरनंतर, संत थॉमसचा रविवार झाला की पाया खणायला घेतील. माझी होणारी सासू, म्हणजे इओर्दानिसची आई एवदोकिआबाई, रोज येऊन खिडक्या मोजून जाते. शेत माझा हुंडा आहे आणि घर त्यावरच उभं राहणार, त्यामुळे मी काही बोलत नाही.

आईला जाऊन तीन वर्षं पूर्ण होतात. रिवाजाप्रमाणे चोवीस फेब्रुवारीला तिची हाडं वर काढून, धुवून पेटीत ठेवायचं पाद्रीबाबांनी ठरवलं आहे. तुला यायलाच हवं.

तुझी,
पोलिक्सेनी

—

नाक्सोस
२९ जानेवारी

पोरी,

पाच दिवस बोट नव्हती, तुझं पत्र काल मिळालं. मामी खोकते आहे आणि चर्चलाही जाते आहे. देव समजून घेईल असं तूच म्हणालीस, तर तिच्याशी तूच बोल.

चारदा मोजलंस म्हणजे तीनदा तुझा स्वतःवर विश्वास नव्हता. मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाळूची परात घेऊन बसवलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. वाडग्याचे चार तुकडे जोडलेस आणि रात्रभर उठून उठून बघत होतीस, ते निसटले तर नाहीत ना म्हणून. तुझी आई आसिमिना म्हणाली होती, "या मुलीचं लग्न झालं तर नवराही असाच तपासेल." इओर्दानिसला माझा नमस्कार सांग आणि त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं असंही सांग.

आता रांजणाचं. तळाला नांगराचा फाळ लागून भोक पडलं होतं. भोक असलेलं भांडं उभं राहत नाही, म्हणून बुजवलं. यात आठवायचं काय? तो गोळा काढू नकोस. तो काढलास तर आजूबाजूची माती भुसभुशीत होईल आणि सगळा तळ हातात येईल. बाकीचं सुटं कर, नवीन लाख लाव, गोळा तसाच ठेवून वरून रंगव. साहेबांना सांगण्यासारखं त्यात काही नाही. साहेबांची कंबर धरलेली असते, ते तळ बघायला वाकणार नाहीत.

चोवीस तारखेला येण्याचा प्रयत्न करतो. समुद्राचं मी काही सांगू शकत नाही.

मामा लाम्ब्रोस

—

पालिआंबेला
८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र येण्याआधीच गोळा सुटला, असं मी लिहिणार होते. तसं लिहून झालंही होतं. मग तो कागद फाडला. गोळा सुटला नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी तो सोडवला. अर्धा दिवस चिंधी ठेवली आणि लाकडी पट्टीने हळूहळू उचकटला. तळ भुसभुशीत झालेला नाही, दगडासारखा आहे.

मामा, ते भोक नांगराचं नाही.

नांगराचा फाळ एका बाजूने येतो, कड ओबडधोबड तुटते, चिरा लांब जातात. हे अंड्याएवढं गोल आहे. बाहेरून आत टोकत आणलेलं, कड चहूबाजूंनी घासलेली. मी त्यात बोट फिरवलं तर कुठे टोचलं नाही. मागच्या खोलीतून थडग्यावरचे दोन रांजण बाहेर काढले, दोघांच्या तळाला असंच भोक आहे. ज्यातून वर ओतलेली दारू, तेल, मध खाली माणसापर्यंत जायचं, ते. तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पोटाला कान म्हणजे बाईचा, मानेला कान म्हणजे पुरुषाचा, हेही तूच मला शिकवलंस, आकडे शिकवायच्या आधी.

मग नोंदवही काढली. १९३४. "क्रमांक २१४. साठवणीचा रांजण. रस्त्यापलीकडच्या कोरड्या ओढ्यात, कचऱ्याच्या खड्ड्यात मिळाला. आमच्या कारखान्यात जोडला." कोणी जोडला ते लिहिलेलं नाही. तेव्हा तू होतास आणि कोझ्मास होता, एवढं मला माहीत आहे.

गोळ्याच्या आतल्या बाजूला माती चिकटली होती. चमचाभर असेल. ती मी कागदावर घेतली आणि दुपारी ओढ्यात गेले. ओढ्याची माती राखाडी आहे, तीत वाळू आहे. गोळ्याची माती लाल आहे. लाल माती आपल्या गावात एकाच ठिकाणी आहे, आणि तिथे आता चुन्याच्या रेघा मारल्या आहेत.

मामा, तो रांजण कुठल्या शेतातून आला?

मी साहेबांना अजून काही सांगितलं नाही. दोन रात्री झोप नाही. दाराला कुलूप लावते, रस्त्याच्या टोकाला जाते, परत येऊन कुलूप ओढून बघते. तू हसशील. हस, पण उत्तर दे.

पोलिक्सेनी

—

नाक्सोस
१९ फेब्रुवारी

पोलिक्सेनी,

बोट नाही. चोवीसला मी पोचत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीची हाडं इतर बायका धुतील आणि मी इथे धक्क्यावर बसून लाटा मोजीन. तेव्हा आधीच मला काय वाटतं आहे ते समजून घे आणि मग हे वाच.

हो, आपल्याच शेतातून.

तू तेव्हा जन्मली नव्हतीस, म्हणून तुला शेत म्हणजे शेत वाटतं. माझ्या वडिलांनी जाताना मला दोन गोष्टी दिल्या, ते शेत आणि आसिमिना. आपल्याकडे बहीण उजवल्याशिवाय भावाने लग्न करायचं नसतं. मारुसो सहा वर्षं थांबली होती. तिची आई मला रस्त्यात बघून विचारायची, "लाम्ब्रोस, दाढी पांढरी झाल्यावर येणार का तू मांडवात?" तुझ्या बापाच्या घरच्यांना आसिमिना पसंत होती, पण शेतासकट. शेत नसेल तर ती त्यांना तेवढी सुंदर वाटत नव्हती.

लग्नाला दोन महिने होते. वेलींसाठी खड्डे खणताना कुदळ रांजणाला लागली. मी त्याला ओळखणार नाही का? संग्रहालयात सांगितलं असतं तर सरकारने खोदकामासाठी शेताला दोरी लावली असती. दहा वर्षं, वीस वर्षं. शेत गेलं की स्थळ गेलं, आसिमिना घरी, मी घरी, मारुसो तिच्या आईच्या घरी. आणि तू कुठेच नाही.

दुसरा कोणी असता तर त्याने त्याच्या खापऱ्या करून विहिरीत टाकल्या असत्या. ते माझ्याने झालं नाही. संग्रहालयात आणला, ओढ्यात सापडला म्हणून सांगितलं आणि तळ बुजवला. भोक नसलं की तो थडग्याचा राहत नाही, धान्याचा होतो. एवढंच केलं.

थडगं एकच आहे, अंजिराच्या झाडाजवळ, खालच्या कोपऱ्यात. इओर्दानिसला सांग, स्वयंपाकघर तिकडे नको, उजेड कमी येतो. घर दहा पावलं वर सरकवा. गोळा परत बसव. हे तुला जमत नसेल तर निदान घर उभं राहीपर्यंत गप्प बस. तुझ्या आईसाठी मी एवढं केलं, तुझ्याकडून गप्प बसण्यापलीकडे काही मागत नाही.

मामा

—

पालिआंबेला
४ मार्च

मामा,

आईला वर काढलं. हाडं स्वच्छ निघाली, पाद्रीबाबा म्हणाले सुटली, समाधानाने गेली. झाम्बेता काकूने आणि मी ती दारूने धुतली. कवटी मी धुतली. दाताची एक फट तशीच होती, ती हसायची तेव्हा दिसणारी. पेटीवर नाव मी लिहिलं.

धुताना काकू बोलत होती. "तुझी आई मेलेल्यांच्या शनिवारी नेहमी गव्हाची दोन ताटं करायची. एक चर्चमध्ये द्यायची. मी विचारलं, दुसरं कोणाचं गं? म्हणाली, शेजारणीचं. मी म्हटलं, कुठली शेजारीण, तुझ्या घराला तर एका बाजूला रस्ता आणि दुसऱ्या बाजूला मीच! हसली नुसती."

काल तोच शनिवार होता. मी गहू शिजवले, डाळिंबाचे दाणे, मनुका, साखर, सगळं तिच्यासारखं. एक ताट चर्चमध्ये दिलं. मग दुसरं घेऊन शेतात गेले. परवा पाऊस झाला होता, माती धुतली गेली होती. मामा, तुम्ही म्हणालात थडगं एकच आहे. मी चुन्याच्या रेघांच्या आतून फिरले आणि एप्रनमध्ये बावीस खापऱ्या गोळा केल्या. काटकोनी वळणांची तीच नक्षी, तोच काळपट रंग, पण चार-पाच वेगवेगळ्या भांड्यांच्या. अंजिरापाशी तर एक आहेच. घराच्या खाली आहेत, अंगणाच्या खाली आहेत. दहा पावलं वर सरकवून काही होणार नाही.

मी तिथे वाकलेली असतानाच एवदोकिआबाई आल्या.

"सून माती पेरतेय का?"

"खडे वेचतेय, आई."

"वेच. पायाला चांगले असतात." मग शेताकडे बघत त्या म्हणाल्या, "स्मिर्नाला आमच्या घराला अकरा खिडक्या होत्या. तुर्क आले तेव्हा मी एकही बंद न करता पळाले. चाळीस वर्षं पत्र्याखाली काढली. मला अकरा नकोत गं, पाच पुरेत."

मला तिथेच सांगायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "पाचच काढल्यात, आई."

आता विचारते, आणि रागावलात तरी विचारते. रांजण थडग्यावर उभा असतो, थडग्यात नाही. त्याच्या खाली कलश असतो, कलशात राख, राखेबरोबर बाईचं जे असेल ते. तुम्ही खड्डा खणत होतात. खालचं काय केलंत? त्याच वर्षी तुमचं लग्न झालं आणि तुम्ही नाक्सोसला घर घेतलंत, जिथे काम सोडल्यावर राहायला गेलात. सगळ्यांना वाटतं मामीच्या बापाने दिलं.

सोमवारी मी साहेबांकडे जाणार आहे. गेल्या आठवड्यात तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

पोलिक्सेनी

—

नाक्सोस
१३ मार्च

तुझं पत्र मारुसोने वाचून दाखवलं, माझा चष्मा तुटला आहे. "तुम्ही" आलं तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "हे तुम्हीच वाचा." मग चष्म्याची अर्धी काच डोळ्यासमोर धरून मी वाचलं.

घर मारुसोच्या बापाने दिलं. त्याची कागदपत्रं आहेत, ये आणि चारदा वाच.

खालचं काय केलं ते सांगतो. हे आजवर मारुसोलाही ठाऊक नव्हतं.

रांजण काढल्यावर मी एकटा नव्हतो. आसिमिना न्याहारी घेऊन आली होती. रांजणाखाली एक सपाट दगड होता, त्याखाली कलश, तोंडावर काशाची वाटी पालथी. मी वाटी उचलली. राख, दोन लांब टाचण्या, आणि बाजूला मातीची बुटांची जोडी. हाताच्या पंजाएवढी लहान, पण नाडी ओवायची भोकं पाडलेली, घोट्यावर नक्षी काढलेली. मी तीस वर्षं मातीत हात घातले, तसे बूट परत पाहिले नाहीत.

मी ते उचलणार होतो. खोटं कशाला बोलू, हात पुढे केला होता. आसिमिनाने मनगट धरलं. म्हणाली, "दादा, ही नवरीच दिसते. हिला अजून चालायचंय." मी म्हटलं, "ही तीन हजार वर्षांपूर्वी गेली, वेडे." ती म्हणाली, "हिच्या जागेवर मी माझा संसार मांडणार आहे. तिचे बूटही घेऊ?" तिने स्वतः वाटी परत ठेवली, दगड मी ठेवला. न्याहारीबरोबर आणलेली दारू तिने दगडावर ओतली. मला वाटलं होतं ते तिथेच संपलं. दुसऱ्या ताटाचं मला तुझ्या पत्रातून कळलं. पंचवीस वर्षं ती हे करत होती आणि मला एका शब्दाने बोलली नाही.

भोक मी बुजवलं तेव्हाही तिला ठाऊक होतं. मी बुजवताना तिने फक्त एवढंच विचारलं, "आता वरून ओतलेलं खाली जाणार नाही ना?" मी म्हटलं, संग्रहालयात कोण ओतणार आहे. 

तेव्हा मला चोर म्हण. तिला या कशात ओढू नकोस. तिचं नाव नुकतंच पेटीवर लिहिलंस.

आता तुला जायचंच असेल तर जा. मी दोन महिन्यांनी सत्तरीचा होईन. या वयात मला पोलिसांसमोर उभं करू नकोस. कोझ्मास वारून अकरा वर्षं झाली, त्याला मूल नाही, बाळ नाही. रांजण त्याने जोडला, त्याने बुजवला, ओढा त्यानेच सांगितला, असं म्हण. मेलेल्याला याचं काय? शेत जाईल ते जाईल, निदान माझं नाव वाचेल.

लाम्ब्रोस

—

पालिआंबेला
२९ मार्च

प्रिय मामा,

आधी क्षमा माग असं मामीने तुझ्या पत्राच्या कडेला पेन्सिलने लिहिलं होतं. तिने लिहिलं नसतं तरी मागितली असती. तुला चोर म्हणण्याइतकं मला काही ठाऊक नव्हतं. मी क्षमा मागते.

तुझं पत्र येईपर्यंत थांबले होते, या सोमवारी मी चौथ्यांदा गेले आणि दार वाजवलं. सगळं टेबलावर मांडलं, तळाचा तुकडा, गोळा, लाल माती, ओढ्याची माती, बावीस खापऱ्या. साहेब वाकले, मामा. कंबर धरून वाकले आणि भोकातून माझ्याकडे बघितलं.

"कोणी बुजवलं?"

"नोंदवहीत नाव नाही, साहेब."

"मी नोंदवहीला नाही विचारलं, मुली. तुला विचारलं."

 कोझ्मासचं नाव जिभेवर होतं. आदल्या रात्री ते मी कागदावर लिहूनही पाहिलं होतं, आणि शाईत ते अगदी खरं दिसत होतं, म्हणूनच घाबरून कागद चुलीत टाकला. कोझ्मास मला दुकानातून तिळाची वडी आणायचा. त्याला मूल नाही म्हणून तर त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही. ते माझ्याने होणार नाही, मामा. तुझं नाव घेणंही माझ्याने होत नाही. तुझ्याच हाताने शिकलेल्या हाताने ते कसं लिहू?

साहेब म्हणाले, "ज्या कागदावर नाव नाही तो कागद मी वर पाठवू शकत नाही. नाव नसेल तर वरचे लोक म्हणतील, या मुलीनेच भोक पाडलं आणि गोष्ट रचली. ज्याला ठाऊक आहे त्याने लिहून सही करायची. ईस्टरच्या पवित्र आठवड्याआधी हवं. तोपर्यंत शेतात कुदळ पडणार नाही एवढं मी बघतो."

म्हणजे दोरी लागली. मंगळवारी माणूस येऊन खुंट्या ठोकून गेला.

इओर्दानिसला मी खुंट्या लागण्याआधी सांगितलं, एवढी तरी हिंमत केली. तो विटांच्या ढिगावर बसला होता.

"किती?" त्याने विचारलं.

"किती काय?"

"किती बायका-पुरुष आहेत आपल्या घरात?"

"चार-पाच तरी."

"मग जागा नाहीच आपल्याला," तो म्हणाला, आणि हसला, आणि मग हसू गेलं.  म्हणाला, "आईला मी सांगतो. तू तिथे असू नकोस."

एवदोकिआबाईंनी काय म्हटलं ते शेजारच्या पाच घरांनी ऐकलं. "तेव्हा जिवंत तुर्कांनी घरातून काढलं, आता मेलेले काढतायत! मेलेल्यांना घर मिळतं, मला मिळत नाही!" त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. अंगठी अजून माझ्या बोटात आहे. कोणी परत मागितली नाही, कोणी राहू दे असंही म्हटलं नाही. रोज सकाळी आधी बोटाकडे बघते.

मी काय करू ते तू सांगू नकोस. तू काय करतोस ते सांग.

पोलिक्सेनी

—

नाक्सोस
९ एप्रिल

पोरी,

तू माझं नाव घेतलं नाहीस, कोझ्मासचंही घेतलं नाहीस. मग उरलं कोण? तूच उरलीस. भोक तू पाडलंस असं म्हणतील, हे वाचल्यावर मी धक्क्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, चार फेऱ्या झाल्या. मारुसो खिडकीतून बघत होती. म्हणाली, "ही सवय पोरीला कोणाकडून लागली ते कळलं."

सोबत कागद आहे. शुद्ध लिहिला आहे, मारुसोने तपासला. साहेबांना नेऊन दे. तू वाचलास तर वाच, दुरुस्ती करू नकोस. पोलीस आले तर येऊ देत, त्यांना इथवर बोटीने यावं लागेल आणि वारा आमच्या बाजूचा आहे.

शेतातल्या त्या नवरीला बाहेर काढतील तेव्हा तू हजर राहा. दगड मोठ्या माणसांनी उचलू दे. बूट तू उचल.

मामा

*(सोबतचा कागद)*

मी, लाम्ब्रोस कोलियास, वय एकोणसत्तर, पूर्वी या संग्रहालयाच्या कारखान्यात खापऱ्या जोडणारा, सध्या राहणार नाक्सोस, लिहून देतो की:

रांजण क्रमांक २१४ मला १९३४ च्या मार्च महिन्यात माझ्या मालकीच्या, नंतर बहिणीला हुंड्यात दिलेल्या, लाल मातीच्या शेतात अंजिराच्या झाडाजवळ मिळाला. तो थडग्यावर उभा होता. तो ओढ्यात मिळाला असं मी सांगितलं ते खोटं होतं.

त्याच्या तळाला जुन्या लोकांनी मुद्दाम पाडलेलं भोक होतं. ते मी प्लास्टरने बुजवलं आणि कोणाला कळू नये असं रंगवलं. हे काम एकट्या माझं आहे. कारखान्यातले कोझ्मास यांचा त्याच्याशी संबंध नाही.

रांजणाखाली सपाट दगड व त्याखाली कलश आहे. तो मी एकदा उघडला व जसा होता तसा बंद केला. त्यातलं काहीही घेतलं नाही.

माझी बहीण आसिमिना हिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

लाम्ब्रोस कोलियास

—

पालिआंबेला
२० एप्रिल

प्रिय मामा,

कागद मंगळवारी मिळाला आणि आज दिला. मधले तीन दिवस तो उशीखाली होता. शेवटच्या ओळीपर्यंत यायचे आणि थांबायचे.

इओर्दानिसला दाखवला. त्याने वाचून परत दिला. दुपारी साहेबांकडे जाऊन शेत खणायच्या कामावर मजूर म्हणून नाव लावून आला. म्हणाला, "तिथे कुदळ मीच मारणार होतो, मग मीच मारतो. जरा हळू मारीन." बेकरीच्या मागच्या दोन खोल्या बघितल्या आहेत, खिडक्या दोन. एवदोकिआबाई माझ्याशी बोलत नाहीत, पण बोलत नाही हे सांगायला रोज येतात. काल येताना पडद्याचं कापड घेऊन आल्या.

साहेबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. पोलिसांचं काही होणार नाही असं त्यांना वाटतं, इतकी वर्षं झाली आणि माणूस स्वतःहून पुढे आला. पत्र तुलाही येईल, त्यात बरंच रागावलेलं असेल. रागावू दे.

मग त्यांनी बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "शेत तिचं, ती रोज तिथे जाणार, आणि तुझ्या आईला खरंच काही ठाऊक नव्हतं?"

"नाही, साहेब," मी म्हणाले. पहिल्याच खेपेला, न अडखळता.

त्यांनी शिक्का मारला.

तुझी,
पोलिक्सेनी